सातव्या मिनिटाला

इंजिन सातव्या मिनिटाला बंद पडायचं. सहा मिनिटं असं गुणी बाळासारखं चालायचं की वाटावं, उगीच शंका घेतली. मग एक उचकी, मागोमाग दुसरी, आणि नाकावरचा पंखा दोन गिरक्या घेऊन थांबायचा. आम्ही टाकीचं झाकण उघडून काठी बुडवून बघायचो, तर पेट्रोल भरपूर. पुन्हा चालू करायचो, लगेच चालू. आणि परत सातव्या मिनिटाला तेच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. आमच्याकडे आड भरलेला होता आणि पोहरा रिकामा वर येत होता.

विमान आमचं स्वतःचं होतं. हे सांगताना मला अजून ओशाळल्यासारखं होतं, कारण नगरजवळच्या नागापूरला आम्ही ज्या गल्लीत राहतो तिथं मोटारसायकल लावायच्या जागेवरून भांडणं होतात. दोन माणसं बसतील एवढं छोटं विमान, ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं. परदेशातून सुटे भाग दोन लांबलचक लाकडी खोक्यांत आले आणि आम्ही नवरा-बायकोनं घरामागच्या शेडमध्ये ते नऊ वर्षं जोडलं. हे कारखान्यात मेंटेनन्स फिटर, तीस वर्षं प्रेसशॉपमध्ये काढलेली. मी दुसऱ्या कारखान्यात इन्स्पेक्शनला, गेज लावून माल पास किंवा रिजेक्ट करणारी. घरीही तेच चाललं. हे पत्रे जोडायला रिबिट मारायचे, मी भिंग लावून बघायची आणि वाकडं असेल तर खडूनं फुली मारायची. ते म्हणायचे, "लग्नात सासऱ्यानं बायको दिली का क्वालिटी डिपार्टमेंट?" मी म्हणायची, "जमिनीवर चुकलेलं चालतं, वर गेल्यावर चालत न्हाई."

पन्नाशीला आल्यावर रजा साठवून साठवून यांनी विमान चालवायचं लायसन काढलं होतं. मला उडायची हौस नाही, मला माळ्यावर चढलं तरी गरगरतं. पण यांचं ते वेड मी लग्नाआधीपासून ऐकलेलं. मुलगी बघायला आले तेव्हा काय आवडतं म्हणून विचारलं, तर सगळ्यांदेखत "विमान" म्हणाले होते. माझ्या मावशीला वाटलं, पाहुणा जरा कमी आहे.

उडवायला जागा मिळाली ती यांच्या मामेभावाच्या रानात, कर्जतच्या पुढं. ज्वारी काढून झाली की ते रान मोकळं होतं. धसकटं उपटून, फळी फिरवून, रोलर मारून आम्ही पाचशे मीटरची पट्टी तयार केली. मामेभावाचं म्हणणं एकच, "वहिनी, पाडव्यापतुर तुमचं रान. पाडव्याच्या दुसऱ्या दिशी ट्रॅक्टर येनार, मंग मी कुनाचं ऐकायचा न्हाई." त्यात यांना आदल्या वर्षी साखर निघाली. उडण्यासाठी दरवर्षी तपासणी लागते. डॉक्टरांनी या खेपेला फिट लिहिलं, पण पुढच्या वर्षाचं काही सांगता येत नाही असंही तोंडावर सांगितलं. परवानगीचे कागद यायला तीन वर्षं गेली होती. म्हणजे नऊ वर्षांचं काम या एका महिन्यात उडणार, नाहीतर शेडमध्ये धूळ खाणार. हे मला माहीत होतं आणि यांना माझ्याहून जास्त माहीत होतं.

दुसरी गोष्टही दोघांना माहीत होती, पण ती फक्त मीच बोलायची. सातव्या मिनिटाला इंजिन बंद पडलं तर हे कुठं असतील? पट्टी संपली की लिंबोणीची बाग, बागेपलीकडं विजेच्या मोठ्या तारा, त्याच्या पुढं विहिरी. मी पायी चालून बघून आले होते. उतरायला जागा नव्हती.

पाडव्याला बारा दिवस उरले असताना शोध सुरू झाला. घरी शेडबाहेर पहिल्यांदा इंजिन चालवलं ते गणपतीच्या आधी, आणि ते अर्धा तास बिनतक्रार चाललं होतं. मग पंख सोडवून सगळं टेम्पोत घालून इकडं आणलं. त्यामुळे संशय आला तो टेम्पोवर. खड्ड्यांनी हादरून टाकीतला कचरा वर आला असणार. फिल्टर बदलला. सातव्या मिनिटाला बंद. कार्बोरेटर सोडवून मामेभावाच्या ओसरीवर चादर पसरून त्याचा एकेक भाग धुतला, सुईनं भोकं साफ केली. बंद. पेट्रोलची नळी बदलली, प्लग बदलले, पंप बदलला. नगरला दोन फेऱ्या, पुण्याला एक. प्रत्येक फेरीनंतर हे म्हणायचे, "आता झालं," आणि मी अग्निशामकाचा सिलिंडर हातात धरून पंधरा पावलांवर उभी राहायची. घड्याळाकडं बघत. पाच. सहा. मग मला कळायचं की आता.

चूक सापडत नाही हे सगळ्यात वाईट नव्हतं. प्रत्येक वेळी ती सापडली असं वाटायचं. आठव्या दिवशी मी मामेभावाच्या बायकोसमोर भाकरी थापता थापता रडले. तिनं माझ्या हातातला गोळा घेतला आणि स्वतः थापला.

नवव्या दिवशी यांनी नवीन कारण काढलं. ऊन. फाल्गुन संपत आलेला, दुपारी रानात उभं राहवत नव्हतं. इंजिनाच्या उष्णतेनं नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, वाफेनं वाट अडते, म्हणून बंद पडतं. ऐकायला पटण्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे गारव्यात चालवून बघितलं. फिल्टर पुन्हा धुवायला टाकी बरीच रिकामी केली होती, तळाशी थोडं पेट्रोल होतं, तेवढ्यावरच. सात मिनिटं झाली. आठ झाली. दहा. पंधरा मिनिटांनी यांनी स्वतःच्या हातानं इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि मामेभावाला मिठी मारली. मलाही मारणार होते, मी अग्निशामक आडवा धरला.

"परवा पहाटं उडायचं," हे म्हणाले. "गारव्यात. पंधरा मिंटं वर, आन खाली."

"एकदा चाललं म्हंजे बरं झालं का?"

"कारन सापडलं की."

"कारन सापडलं न्हाई. तुमी ठरवलंय ते."

सुतावरून स्वर्ग गाठायची या माणसाची जुनी खोड, पण या वेळी स्वर्ग शब्दशः होता आणि त्यावर मला हसू येत नव्हतं. मी म्हणाले, दुपारी तेच इंजिन नळीवर ओला टॉवेल गुंडाळूनही सातव्या मिनिटाला बंद पडलं होतं, ते विसरलात का? ते म्हणाले, टॉवेल वाळला असेल. मी म्हणाले, कारखान्यात असं लिहून दिलं असतं तर मला घरी बसवलं असतं. ते म्हणाले, घरीच बस मग. तेहतीस वर्षांत असं बोलले नव्हते. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पुढच्या वर्षी मला कागद मिळनार न्हाई. तुला ठाव हाय. आता न्हाई तर कदीच न्हाई."

"आन तुमीच न्हाई राहिला तर?"

पूर्ण दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यांनी विमान पुसलं, सगळे नटबोल्ट तपासले, टाकी काठोकाठ भरली आणि मला न सांगता वस्तीवर चहाला निघून गेले. वस्ती पट्टीच्या दुसऱ्या टोकाला.

मी एकटी उरले. दिवस मावळायला तासभर असेल. माझ्या मनात काय आलं ते स्पष्ट सांगते. मला वाटलं, याचं काहीतरी मोडून ठेवावं. पंख्याला एक हातोडा मारला की संपलं, पाडवा निघून जाईल, ट्रॅक्टर येईल, माणूस जिवंत राहील आणि मला आयुष्यभर माफ करणार नाही. हातोडा पेटीत होता. मी पेटी उघडलीसुद्धा. पण नऊ वर्षं ज्याच्या रिबिटावर रिबिट तपासून पास केलं त्याच्यावर हात उचलवेना. त्याऐवजी मी शेपटीचा दोर कडुनिंबाच्या बुंध्याला आवळला, चाकांना लाकडं लावली आणि आत जाऊन बसले. चालू करायचं मला येत होतं, यांच्या शेजारी बसून शेकडो वेळा बघितलं होतं. चालू केलं आणि पूर्ण ताण दिला.

एक मिनिट. दोन. काच थरथरत होती, माझे दात वाजत होते. पाचव्या मिनिटाला उचकी आली. सातव्या नाही, पाचव्या. मग दुसरी, आणि बंद. गारवा होता, संध्याकाळचा वारा होता, वाफेचा काही संबंध नव्हता. मी तशीच बसून राहिले. उद्या पहाटे पाचव्या मिनिटाला हे बागेच्या वर असतील, तारांच्या अलीकडं. मी मोठ्यानं "आई गं" म्हणाले, ऐकायला कोणी नव्हतं.

खाली उतरले आणि सवयीनं काठी घेऊन टाकीकडं गेले. टाकी समोरच्या काचेपुढं, नाकावर. झाकण वरच्या बाजूला. इतके दिवस झाकण हेच उघडायचे, मी पंधरा पावलांवर अग्निशामक धरून उभी. आज पहिल्यांदा मी उघडलं. झाकण लवकर फिरेना. जोर लावला तेव्हा ढिलं झालं आणि स्स्स् असा बारीक आवाज झाला. हवा आत गेली. लोणच्याची घट्ट बसलेली बरणी उघडताना होतो तसा. प्रेसशॉपच्या धडधडीनं यांचे कान कधीच खाल्ले, कुकरची शिट्टी ऐकू येत नाही त्या माणसाला. हा आवाज त्यांना जन्मात ऐकू आला नसता.

पेट्रोल खाली जातं तशी टाकीत वरून हवा यायला हवी. आली नाही तर आतून ओढ बसते आणि पेट्रोल जागीच अडतं. हे काही फार मोठं शास्त्र नाही, तेलाच्या डब्याला दोन भोकं पाडणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत असतं. झाकण उघडलं की हवा आत, की इंजिन पुन्हा चालू. म्हणजे अकरा दिवस आम्ही तपासायला म्हणून झाकण उघडत होतो आणि तपासता तपासता रोग पळवून लावत होतो. टाकी रिकामी असेल तर आत हवा जास्त, म्हणून त्या पहाटे पंधरा मिनिटं चाललं. भरलेली असेल तर लवकर बंद. आणि उद्यासाठी यांनी काठोकाठ भरली होती.

हवा आत यायला झाकणाच्या मधोमध मोहरीएवढं भोक असतं, हे मला आराखड्यावरून माहीत होतं. मी झाकण उलटं करून खालून बघितलं. भोक होतं, पण त्यातून उजेड येत नव्हता. मग सुलटं केलं.

झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक होतं. मी काढलेलं.

खंडेनवमीला मी तीस वर्षं कारखान्यात गेजची पूजा केली. त्या वर्षी पहिल्यांदा विमान पुरं उभं होतं, म्हणून घरी त्याची केली. झेंडूची माळ, नारळ, आणि कुंकू खोबरेल तेलात कालवून स्वस्तिक, म्हणजे चांगलं टिकतं. कुठं काढावं बघत होते. मोटारसायकलच्या टाकीवर काढतात, म्हणून इथंही टाकीवर. झाकण पांढरं, गोल, आणि मध्यावर बारीक भोक. इन्स्पेक्शनचा हात माझा. मध्य आयता सापडला म्हणून मी खूश झाले, भोक कशासाठी ते त्या वेळी डोक्यात आलंच नाही, त्याच्यावर अनामिका टेकवली आणि तिथून चार रेघा ओढल्या, मोजल्यासारख्या सारख्या. वर अक्षता चिकटवल्या. तेव्हा माझ्या मनात एकच होतं, की हा माणूस यात बसणार आहे, त्याला सांभाळ. पाच महिन्यांत ते तेल नि कुंकू वाळून दगड झालं होतं. यांच्या मरणाची तजवीज मी स्वतःच्या बोटानं करून ठेवली होती, देवाचं नाव घेऊन.

बांगडीतली सेफ्टी पिन काढून भोकात घातली. आत तांदळाचा दाणा रुतला होता, पिन वाकली. पुसायलाच हवं होतं. पेट्रोलचं फडकं घेतलं आणि हात थांबला.

बाईमाणसाला "कुंकू पुसणं" हा शब्द काय असतो ते मराठी माणसाला सांगावं लागत नाही. मी अकरा वर्षांची असताना वडील गेले. चुलत आजीनं आईचं कुंकू ओल्या पदरानं पुसलं होतं. सगळं निघालं नाही, कपाळावर गुलाबी डाग राहिला होता दोन दिवस. मी या असल्या गोष्टी मानत नाही असं आयुष्यभर सांगत आले, हळदीकुंकवाला विधवांना बोलावते, त्यावरून नणंदेशी भांडले आहे. आणि तरी त्या रानात, कारण डोळ्यांसमोर दिसत असताना, उद्या नवरा उडणार असताना, माझा हात पुढं जाईना. किती वेळ ते मला माहीत नाही. मला मेल्यासारखी लाज वाटत होती आणि भीती त्याहून जास्त. शेवटी डोळे मिटले आणि घासलं. नुसतं भोक मोकळं करून भागलं असतं, पण अर्धवट साफ केलेलं मी कुणाचं पास केलेलं नाही. स्वस्तिक सगळं निघेपर्यंत घासलं. पिननं दाणा बाहेर काढला. झाकण डोळ्याला लावलं, भोकातून मावळतीचा उजेड आला.

मग पुन्हा चालू केलं, पूर्ण ताणावर. आठवं मिनिट झालं, बारावं झालं. विसाव्या मिनिटाला हे पट्टीवरून धावत येताना दिसले, चप्पल हातात, मागं मामेभाऊ. मी इंजिन बंद करून खाली उतरले. त्यांना दम लागला होता, बोलता येत नव्हतं, म्हणून नुसतं हातानं विचारलं. मी झाकण त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटंसुलटं केलं, भोकातून बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सवस्तिक?"

"पुसलं."

मामेभाऊ दुसरीकडं बघायला लागला.

दुसऱ्या दिवशी पहाटे हे उडाले. मी पूजा केली नाही, नारळसुद्धा फोडू दिला नाही. पट्टीवरून उठले, बागेवरून गेले, तारांवरून गेले. मी घड्याळ बघत होते. पाच. सहा. सातव्या मिनिटाला टेकडीमागं वळले आणि आवाज बंद झाला. एकदम. मामेभाऊ म्हणाला, "वारं फिरलंय वहिनी, म्हनून." मला पटलं नाही. मी खाली धसकटांत बसले. मनात एकच वाक्य फिरत होतं, की काल मी पुसलं. पुसलं मीच. मग टेकडीच्या डाव्या अंगानं आवाज आला, आधी बारीक, मग मोठा, आणि विमान दिसलं. अकराव्या मिनिटाला ते खाली टेकले, दोनदा उडी मारून, वेडंवाकडं. आत हसत होते.

मी जवळ गेले आणि पहिल्यांदा त्यांना नको नको ते बोलले, ते इथं लिहीत नाही. ते ऐकत राहिले. मग उतरले, चाकाशी बसले, हातमोजे काढले. आणि म्हणाले, "एक सांगू का? रागावू नको."

"काय?"

"काल संध्याकाळी विमान पुसताना मी त्या झाकनावर फडकं ठिवलं हुतं. त्याच्या आदी पन एकदा. कुंकवानं झाकन खराब दिसत हुतं. दोन्ही येळंला हात मागं घेतला. म्हनलं, तुझ्या हातचं कुंकू हाय, आपुन कसं पुसायचं."

तेहतीस वर्षांत मला कधी वाटलं नव्हतं की या माणसाला असलं काही कळत असेल.

हल्ली आमच्या घरात पूजा होते, कुंकू लावलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या फडक्यानं सगळं पुसलं जातं. मीच पुसते.